इंजिनावरून भांडण्याआधी: मिनी स्प्रिंट रेसिंगमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

मिनी स्प्रिंट म्हणजे मोटरसायकलचं इंजिन बसवलेल्या, मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या छोट्या रेसिंग गाड्या. त्यांच्या पिटमध्ये, म्हणजे शर्यतीआधी-नंतर गाड्यांवर काम चालतं त्या जागेत, वावरायला लागलात की पहिल्या महिन्याभरातच कुणीतरी तुम्हाला बाजूला घेऊन सांगेल, अमक्याचं इंजिन आतून काहीतरी वेगळंच आहे. कशावरून, असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं: ‘सरळ पट्ट्यात कसा निघून जातो बघितलं नाहीत का?’ या एका वाक्यावर अमेरिकेतल्या छोट्या मातीच्या ट्रॅकवर मैत्री तुटते, वर्ग बंद पडतात, माणसं गाडी विकून मोकळी होतात. म्हणून वादात उतरण्याआधी काय वाचायचं, काय मोजायचं आणि कुठे बोलायचं ते इथे क्रमाने मांडतोय.

ओक्लाहोमा, इंडियाना, पेनसिल्वेनिया या भागांत नोकरी-शिक्षणासाठी आलेली आणि स्वतःला किंवा मुलांना या गाड्यांचं वेड लागलेली मराठी माणसं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पुण्या-मुंबईच्या कॉलेजात ‘बाजा’ किंवा फॉर्म्युला स्टुडंट या गाडी बनवण्याच्या कॉलेज-स्पर्धांपायी रात्री जागवलेली मुलंही इथे मास्टर्सला येतात आणि बघता बघता कुणाच्यातरी पिट क्रूमध्ये घुसतात. त्यांना पाना-पक्कड शिकवायची गरज नसते; नियमांचं राजकारण मात्र नवं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं त्या नजरेने वाचाल. नियम कागदावर कितीही सुंदर असो. रात्री अकरा वाजता, धुळीने भरलेल्या शेडमध्ये, दोन थकलेल्या माणसांना तो अर्ध्या तासात तपासता येत नसेल, तर तो फक्त प्रामाणिक माणसाला बांधतो. बाकीच्यांना तो मोकळं रान देतो.

पायरी १: गाडी कुठल्या वर्गात बसते ते पक्कं करा

मोठ्या स्प्रिंट कारमध्ये ४१० घनइंचाचं, म्हणजे सुमारे ६.७ लिटरचं व्ही-८ इंजिन असतं. ताकद ९०० हॉर्सपॉवरच्या आसपास आणि गाडीचं वजन ड्रायव्हरसकट जेमतेम १४०० पौंड. त्या जगात एका इंजिनाच्या पैशात गावाकडे घर उठेल. आपला विषय तिच्या धाकट्या भावंडांचा आहे: मोटरसायकलचं इंजिन बसवलेल्या, चेनने मागचा अ‍ॅक्सल फिरवणाऱ्या छोट्या गाड्या. सगळ्यात फोफावलेला वर्ग ६०० सीसीचा. त्यात इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी बसतं. लाइटनिंग स्प्रिंटमध्ये त्याहून मोठं, साधारण हजार सीसीचं इंजिन ड्रायव्हरच्या पुढे असतं. मिनी आणि मायक्रो ही नावं ट्रॅकगणिक इकडची तिकडे होतात, त्यामुळे नावावर जाऊ नका. सीसी, पंख (गाडीला जमिनीकडे दाबणारा वरचा पत्रा) आहे की नाही आणि वयाची अट, एवढ्या तीन गोष्टी विचारा.

लहान मुलांना एक सिलिंडरच्या छोट्या इंजिनांचा वर्ग असतो. त्याच्या वर ‘रेस्ट्रिक्टर’ वर्ग: इंजिन तेच ६०० सीसी, पण हवेच्या वाटेत भोकं पाडलेली प्लेट घालून त्याचा श्वास आवळलेला. मग खुले ६०० चे वर्ग, पंखवाले आणि बिनपंखांचे. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात दरवर्षी नव्या वर्षाच्या तोंडावर बंदिस्त हॉलमध्ये टल्सा शूटआउट भरतं. तिथे हे सगळे वर्ग एका छपराखाली पाहायला मिळतात. नोंदी हजाराच्या वर जातात. एकदा तरी जाऊन या. आज नॅसकार या अमेरिकेतल्या बड्या मोटार शर्यतींमध्ये धावणारा क्रिस्टोफर बेल ओक्लाहोमातल्या अशाच मायक्रो स्प्रिंटमधून वर आलेला आहे.

पायरी २: नियमपुस्तक वाचा. आपल्याच ट्रॅकचं, आणि यंदाचं

बरीच भांडणं इथेच मिटतात. एका ट्रॅकवर चालणारं इंजिन पन्नास मैलांवरच्या ट्रॅकवर बाद होऊ शकतं, कारण दोघांची संघटना वेगळी. पुस्तक हातात आलं की पहिल्यांदा एक वाक्य शोधा: ‘जे करता येईल असं लिहिलेलं नाही, ते करता येणार नाही’ अशा अर्थाचं काही आहे का? असेल तर बदल करणाऱ्याने परवानगी दाखवायची. नसेल तर आक्षेप घेणाऱ्याने मनाई दाखवायची. पुराव्याचं ओझं कुणाच्या खांद्यावर, हे या एका वाक्यावर ठरतं आणि निम्मे लोक ते न वाचताच भांडत असतात.

त्यानंतर प्रोटेस्टचा, म्हणजे दुसऱ्याच्या गाडीवर रीतसर आक्षेप घेण्याचा, परिच्छेद: कोण करू शकतं, किती मिनिटांत, किती पैसे भरून. हा भाग फोनमध्ये फोटो काढून ठेवा. ऐनवेळी पुस्तक सापडत नाही.

पायरी ३: इंजिन मोजायला शिका

इथे थोडं थांबू, कारण आकडे आले की कुजबुज आपोआप विरते.

जपानी ६०० सीसी इंजिनांची गंमत अशी की चारही कंपन्या शेवटी एकाच मापावर येऊन थांबल्या. होंडा सीबीआर६००आरआर, २००१ पासूनची सुझुकी जीएसएक्स-आर६००, २००६ पासूनची यामाहा आर६ आणि कावासाकी झेडएक्स-६आरची २००७ ते २०१२ मधली ५९९ सीसीची मॉडेलं, सगळ्यांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६७ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वरपासून खालपर्यंतची धाव) ४२.५. गणित करून बघा: बोअरचा वर्ग, गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक, गुणिले चार सिलिंडर. उत्तर येतं ५९९.४ सीसी.

आता कावासाकीचंच ६३६ घ्या. २०१३ पासूनच्या मॉडेलात बोअर तोच ६७, स्ट्रोक मात्र ४५.१. झाले बरोबर ६३६ सीसी, म्हणजे सहा टक्के जास्त. बाहेरून बघून फरक कळणं कठीण. हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवून नुसता बोअर मोजणारा टेकवाला, म्हणजे ट्रॅकचा तांत्रिक तपासनीस, तर ६७ बघून खूश होऊन घरी जाईल. चोरी स्ट्रोकमध्ये आहे आणि स्ट्रोक मोजायला हेड उतरवायचीही गरज नाही. स्पार्क प्लग काढा, त्या भोकातून अ‍ॅल्युमिनिअमची किंवा प्लास्टिकची पातळ सळई पिस्टनवर टेकवा, क्रँक हाताने सावकाश फिरवा. सळई सगळ्यात वर आली की खूण, सगळ्यात खाली गेली की खूण, मधलं अंतर व्हर्निअरने मोजा. भोक जरा तिरकं असेल तर आकडा किंचित जास्त येईल, तेवढं धरून चला. ४२.५ आणि ४५.१ मध्ये २.६ मिलिमीटरचं अंतर आहे. एवढ्याशा तिरकेपणाने ते झाकलं जात नाही. लोखंडी सळई वापरू नका आणि स्टार्टर तर चुकूनही दाबू नका. सळई आत अडकली तर प्रोटेस्ट राहील बाजूला आणि तुम्हीच नुकसानभरपाई देत बसाल.

एक सापळाही सांगून ठेवतो. २००५ पर्यंतच्या आर६ चा बोअर ६५.५ आणि स्ट्रोक ४४.५ आहे. म्हणजे सळईवर ४४.५ आलं म्हणून ‘सापडला!’ असं ओरडाल तर तोंडघशी पडाल, कारण ते इंजिन ५९९.८ सीसीचं, अगदी नियमातलं आहे. तसंच २००३ ते २००६ मधलं ६३६ वेगळ्या मापाचं आहे, ६८ गुणिले ४३.८. त्याचा स्ट्रोक जुन्या आर६ पेक्षा कमी आणि तरी सीसी जास्त! म्हणून इंजिन कुठल्या मोटरसायकलचं, कुठल्या सालचं, हे केसवरच्या नंबरावरून आधी ठरवा आणि बोअर-स्ट्रोक दोन्ही मिळाल्याशिवाय तोंड उघडू नका.

पायरी ४: पाणी कुठे मुरतं ते समजून घ्या

सीसी वाढवणं ही ढोबळ चोरी झाली. हुशार माणूस सीसीला हात लावत नाही.

कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे पिस्टन वर येताना आतली हवा किती पट दाबली जाते ते. सीबीआर६००आरआरच्या २००७ नंतरच्या मॉडेलात कंपनीनेच १२.२ ला १ ठेवलंय, आर६ मध्ये २००८ पासून १३.१ ला १. एका सिलिंडरचं आकारमान १४९.८ सीसी, त्यावरून पिस्टन वर असताना उरणारी पोकळी काढली तर एकात १३.४ सीसी येते, दुसऱ्यात १२.४. म्हणजे दोन कंपन्यांमधला अख्खा फरक एका सीसीचा, चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. हेड थोडं घासलं किंवा पातळ गॅस्केट टाकलं की तेवढं सहज निघतं. पिस्टनवर साठलेली काजळीही मोजमाप हलवते. प्लगच्या भोकातून वायू सोडून शिट्टीच्या सुरावरून पोकळी मोजणारं यंत्र मिळतं, पण छोट्या ट्रॅककडे ते असेलच असं नाही. म्हणून कॉम्प्रेशनची मर्यादा दशांशात लिहिणाऱ्या नियमाकडे मी संशयानेच बघतो.

कॅमशाफ्टचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं, त्या मानाने सोपं आहे. व्हॉल्व्ह कव्हर उघडून डायल गेजने लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते) मोजता येते आणि मूळ आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात. पोर्टिंग, म्हणजे हवेच्या वाटा घासून मोठ्या करणं, बोरोस्कोप (नळीवरचा छोटा कॅमेरा) घालून दिसतं. पण कंपनीचं ओतकाम आणि माणसाने सफाईने केलेलं काम यातला फरक ओळखायला अनुभवी नजर लागते.

इंधनाचं वेगळं. बऱ्याच वर्गांत मिथेनॉल चालतं. ते सिलिंडर गार ठेवतं, म्हणून जास्त कॉम्प्रेशन सोसतं आणि पेट्रोलच्या साधारण दुप्पट जळतं. कुणी त्यात भलतंसलतं मिसळलं का, हे बघायला ट्रॅकवाले घनता मोजतात. शुद्ध मिथेनॉलची ०.७९ च्या आसपास, तीही तापमानाप्रमाणे हलते. नियमांशी संबंध नसला तरी हे इथेच सांगितलं पाहिजे: मिथेनॉलची ज्वाला दिवसाउजेडी दिसत नाही. इंधनाच्या कॅनजवळ कुणी विनाकारण अंग झटकताना दिसलं तर आधी पाण्याची बादली उचला, प्रश्न मागून विचारा.

आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरचा डबा. इथे सगळ्यांचेच हात टेकतात. नव्या मोटरसायकलींत ट्रॅक्शन कंट्रोल कंपनीकडूनच येतं. रेव्ह लिमिट, ठिणगीची वेळ, इंधनाचा नकाशा, सगळं लॅपटॉपवरून बदलता येतं आणि बाहेरून डबा होता तसाच दिसतो. डोळ्यांनी तपासण्यासारखं त्यात काहीच नाही. मला पटलेला उपाय एकच: संघटनेने स्वतःचे सीलबंद ईसीयू ठेवायचे आणि शर्यतीआधी चिठ्ठ्या टाकून वाटायचे, किंवा संशय आला की दोन गाड्यांचे डबे सरळ अदलाबदल करायचे. गाड्यांची इंजिनं एकाच मॉडेलची असतील तरच हे जमतं, ही त्याची अडचण.

पायरी ५: संघटनेच्या हातात काय काय आहे

बरोबरी साधायचे जुने-नवे मार्ग मोजकेच आहेत आणि प्रत्येकाला कुठेतरी भोक आहे.

*क्लेम* म्हणजे हरलेल्याने ठरलेली रक्कम देऊन जिंकलेल्याचं इंजिन विकत घ्यायचं. १९१५ पासून चालत आलेल्या आयएमसीए या संघटनेने आपल्या मॉडिफाइड गाड्यांत हा नियम रुजवला. कल्पना मोठी चलाख आहे. इंजिन ठरावीक पैशांत जाणारच असेल तर त्यात कोण दसपट ओतेल? तपासणीची कटकट नाही, नियम स्वतःच स्वतःला राखतो. नकार दिला तर जिंकलेलं जातं, वर शिक्षा. पण रक्कम बरीच वर्षं तशीच राहिली की क्लेम म्हणजे आवळा देऊन कोहळा काढणं होतं. दुसऱ्याने महिनाभर खपून नीट बसवलेलं साधं इंजिन कुणीतरी निव्वळ आकसाने उचलून नेतो. छोट्या ट्रॅकवर सगळे एकमेकांना ओळखतात; तिथे क्लेमची चिठ्ठी म्हणजे उघड वैर. म्हणून नियम पुस्तकात असतो आणि वापरायला कुणी धजत नाही.

*सील* म्हणजे कारखान्यातून किंवा मान्य मेस्त्रीकडून बंद होऊन आलेलं इंजिन, उघडलं की खूण राहते. मोठ्या गाड्यांत शेवरलेची ६०२ आणि ६०४ ही इंजिनं अशीच चालतात, साधारण ३५० आणि ४०० हॉर्सपॉवरची. नवख्याला हे बरं, कारण विकत घेतलं की विषय संपला. दुखणं दुरुस्तीत आहे. वॉशर बदलायचा तरी मान्य मेस्त्रीकडे जा, तो सांगेल तो भाव द्या, तो सांगेल तेव्हा परत या. शिवाय सगळा विश्वास त्या एका मेस्त्रीवर. तोच शर्यतीत एखाद्याची गाडीही सांभाळत असेल तर बाकीच्यांनी काय समजायचं?

‘बाजा’वाल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथे वर्षानुवर्षं सगळ्या कॉलेजांना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ३०५ सीसी, १० हॉर्सपॉवरचं एकच इंजिन असायचं. आत हात घालायची मनाई आणि गव्हर्नर (इंजिनाच्या वेगाला लगाम घालणारा भाग) तपासून सील. त्यामुळे चर्चा इंजिनावर न होता गिअरबॉक्स आणि वजनावर व्हायची. मिनी स्प्रिंटच्या बैठकीत ‘सगळ्यांना एकच इंजिन द्या’ असं म्हणणारा हमखास भेटतो. स्पर्धेला कारखान्याचा पाठिंबा असेल तर ते जमतं. इथे माणसं आपापल्या खिशातून, भंगारात गेलेल्या मोटरसायकलींची इंजिनं आणून गाड्या उभ्या करतात, त्यांना कोण पुरवणार?

*रेस्ट्रिक्टर* मला सगळ्यात आवडतो, कारण तो तपासायला पिन गेजचा, म्हणजे नेमक्या जाडीच्या पिनेचा, एक तुकडा पुरतो. भोकातून हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचला की त्यापुढे इंजिनाने कितीही ओढलं तरी जास्त हवा मिळत नाही, म्हणून आतली महागडी करामत बरीचशी वाया जाते. फॉर्म्युला स्टुडंटमध्ये ७१० सीसीपर्यंतच्या इंजिनाला २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून श्वास घ्यायला लावतात, ते याचसाठी. मात्र ताकद क्षेत्रफळावर ठरते, व्यासावर नाही. १४ मिलिमीटरचं भोक १४.५ केलं तर डोळ्यांना काही कळत नाही आणि वाट सात टक्के मोठी होते. म्हणून ‘आत जाईल’ आणि ‘आत जाणार नाही’ अशा दोन पिना ठेवायच्या. मोजणाऱ्याच्या हाताच्या दाबावर निकाल सोडायचा नाही. दुसरी लबाडी असते प्लेटच्या पलीकडे, रबराच्या जोडात चिरलेली फट किंवा सैल सोडलेली नळी. त्यावर उपाय सोपा: इंजिन चालू ठेवून हवेची वाट पूर्ण बंद करा. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं पाहिजे. फुरफुरत राहिलं तर हवा दुसरीकडून येतेय.

*वजन* हा सौम्य मार्ग. जास्त ताकदीच्या इंजिनाला जास्त वजन. सहा टक्के मोठ्या इंजिनाला, गाडी ड्रायव्हरसकट ८०० पौंड धरली, तर ४८ पौंड लावावे असं त्रैराशिक सांगतं. पण वजन कुठे बसवायचं हे मालकाच्या हातात असतं आणि खाली डावीकडे बसवलेलं शिसं वळणात मदतही करतं. त्यामुळे त्रैराशिक हे बोलणीला सुरुवात म्हणून ठीक. वजनकाटा मात्र सगळ्या ट्रॅकवर असतो, शर्यत संपल्या संपल्या सगळ्यांसमोर तपासता येतो, म्हणून हा नियम टिकतो.

पायरी ६: तो इंजिनामुळेच पुढे जातोय का, ते बघा

बहुतेक वेळा नाही. आणि हे ऐकायला कुणालाच आवडत नाही.

मातीचा ट्रॅक एका रात्रीत दोन-तीनदा रूप बदलतो. संध्याकाळी पाणी मारलेलं असताना माती चाक पकडून ठेवते. त्या वेळच्या हीटमध्ये, म्हणजे मुख्य शर्यतीआधीच्या छोट्या शर्यतीत, इंजिनाची ताकद खरंच जमिनीवर उतरते. रात्री मुख्य शर्यतीपर्यंत माती सुकून गुळगुळीत काळी होते आणि जास्त ताकदवाला चाकं फिरवत बसतो. तेव्हा जिंकतो तो हळुवार पायाचा आणि नीट सेटअपचा. म्हणून संशय घ्यायचाच तर ओल्या ट्रॅकवरची हीट बघून घ्या. सुकलेल्या ट्रॅकवर कुणी सहज जात असेल तर त्याच्या इंजिनापेक्षा त्याची मागची चाकं आणि टायर बघण्यात वेळ घालवा.

दुसरा भुलभुलैया स्प्रॉकेटचा, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चाकाचा. मागचं स्प्रॉकेट एक-दोन दात मोठं असलं की गाडी वळणातून उसळून बाहेर पडते आणि पट्ट्याच्या शेवटी मात्र रेव्ह लिमिटला आपटते. बघणाऱ्याला वाटतं, केवढी ताकद! यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. फोनवर आवाजाची वारंवारता दाखवणारं अ‍ॅप टाका आणि कठड्यापाशी उभे राहा. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणून हर्ट्झचा आकडा गुणिले ३० म्हणजे आरपीएम. ५०० हर्ट्झ दिसले तर १५,००० आरपीएम. गाडी येताना सूर चढलेला आणि जाताना उतरलेला असतो; ताशी ६० मैलांना हा फरक दोन्ही बाजूंना जवळपास आठ टक्के पडतो. म्हणून येतानाचा आणि जातानाचा आकडा घेऊन सरासरी काढा. तुमची गाडी त्याच जागी १२,५०० वर आणि त्याची १४,००० वर असेल, तर प्रोटेस्टचे पैसे भरण्याआधी तुमचं स्प्रॉकेट बदलून बघा.

पायरी ७: तरीही प्रोटेस्ट करायचाच असेल तर

लेखी करा, वेळेत करा आणि एकाच गोष्टीवर बोट ठेवा. ‘इंजिन बेकायदा आहे’ असं लिहिलेल्या कागदाला काही अर्थ नाही. ‘अमुक नंबरच्या गाडीचा स्ट्रोक नियम अमुकप्रमाणे तपासावा’ असं लिहा. टेकवाल्याला नक्की काय उघडायचं ते कळतं आणि समोरच्याचंही सगळं इंजिन खोलावं लागत नाही. पैसे साधारण असे फिरतात: आक्षेप खरा ठरला तर तुमचे परत, खोटा ठरला तर ते समोरच्याला, गॅस्केट आणि मनस्तापाचा मोबदला म्हणून. फी फार कमी असेल तर रोज कुणीतरी उठून कुणाचंही इंजिन खोलायला लावतं. फार जास्त असेल तर नाकापेक्षा मोती जड, आणि नियम असून नसल्यासारखा.

बोलायचं ते टेकवाल्याशी. समोरच्या टीमच्या ट्रेलरसमोर जाऊन आवाज चढवू नका, विशेषतः त्याची मुलं तिथे असताना. इथे सगळेच एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, म्हणून सलगी गृहीत धरू नका. ऐंशी वर्षांचा टेकवाला ‘बॉब’ असला तरी त्याच्याशी आपल्या काकांशी बोलाल त्याच सुरात बोला. इंजिन उघडताना तुम्हाला आत सोडतील की नाही हे ट्रॅकवर अवलंबून. सोडलं तर हात पाठीमागे बांधून उभे राहा आणि फोटो विचारूनच काढा.

आपलं लेकरू त्या वर्गात धावत असेल तर डोकं लवकर तापतं, पण अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायची सोय नसते, मुदत काही मिनिटांचीच असते. त्यामुळे रागाच्या भरात लिहायचं नाही हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. हीटनंतर शांतपणे मसुदा तयार करून ठेवा. मुख्य शर्यतीनंतरही तेच वाटलं तर सही करा.

पायरी ८: नियमच बदलायचा असेल तर हिवाळ्यात बोला

मोसम चालू असताना नियम बदलायला लावणं म्हणजे कुणाचेतरी पैसे बुडवणं. खऱ्या चर्चा मोसम संपल्यावरच्या बैठकीत होतात आणि तिथे कोरी तक्रार घेऊन येणाऱ्याला कुणी विचारत नाही. लिहिलेलं वाक्य घेऊन जा.

सध्याचा गरम विषय इंजिनांच्या पुरवठ्याचा आहे. यामाहाने रस्त्यावर चालणारी आर६ अमेरिकेत २०२० नंतर विकलेली नाही. एकूणच ६०० च्या स्पोर्ट बाइक कमी खपतात, म्हणून अपघातात मोडून भंगारात येणारी इंजिनंही कमी. जुनी इंजिनं महाग होत चाललीत. मग ६३६ ला वजन लावून घ्यायचं का, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. माझं उत्तर हो असं आहे, कारण स्ट्रोकची सळई आणि वजनकाटा या दोनच गोष्टींत तो नियम राखता येतो. विरोधकांचा मुद्दाही पोकळ नाही: एकदा दार उघडलं की दोन वर्षांत सगळ्यांना ६३६ घ्यावंच लागेल आणि ज्याने काल ५९९ घेतलं तो फसला. म्हणून वजन जरा जास्तीचंच लावून सुरुवात करावी आणि एक मोसम ६३६ हरू द्यावं, असं मला वाटतं. वजन नंतर कमी केलं तर कुणी रडत नाही, वाढवलं की बोंब होते.

मसुदा लिहिताना स्वतःला विचारा: हे कोण तपासणार, कशाने, किती वेळात? नियमात बसायला शेवटच्या नंबरावर येणाऱ्या टीमला किती डॉलर घालावे लागतील? पहिल्या नंबरवाल्याची काळजी करू नका, तो कुठल्याही नियमात जिंकायला शिकतो. ‘इंजिनात अवाजवी बदल नसावेत’ हे वाक्य बैठकीत टाळ्या घेईल आणि मोसमात भांडणं लावेल, कारण अवाजवी म्हणजे किती हे पिनेने मोजता येत नाही. त्याऐवजी ‘कॅमची लिफ्ट संबंधित मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा जास्त नसावी, तपासणी पहिल्या सिलिंडरच्या इनटेकवर, डायल गेजने’ असं लिहा. कंटाळवाणं वाटतं, पण चालतं.

आणि तुमचंच इंजिन खोलायला सांगितलं तर

जिंकायला लागलात की हे होणारच. इंजिन कुठून घेतलं त्याची पावती, मोटरसायकलचं मॉडेल आणि साल, सर्व्हिस मॅन्युअलचं मापांचं पान आणि हेड गॅस्केटचा एक जादा सेट ट्रेलरमध्ये एकाच डब्यात ठेवा. शर्यत संपल्यावर गाडी सरळ काट्यावर आणि तिथून टेकमध्ये न्या, मध्ये आपल्या ट्रेलरजवळ अजिबात थांबू नका. दोन मिनिटं थांबलात तरी त्यावर वर्षभर बोललं जाईल. कव्हर तुम्ही किंवा तुमच्या माणसानेच उघडावं, बोल्ट ट्रेमध्ये क्रमाने लावावेत, आणि मोजलेला प्रत्येक आकडा टेकवाल्याकडून कागदावर लिहून सही घेऊन ठेवावी. पुढच्या वेळी तोच प्रश्न आला की तो कागद पुढे करता येतो.